वांग्याचा रंग कोणता?

दुपारची भांडी उरकली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. वांगं कोणत्या रंगाचं असतं? तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं, जांभळं. आता एक वांगं घ्या आणि दाराजवळ, उजेडात ठेवा. ऊन पडतं तिथे पांढरी चमक दिसेल. वरच्या बाजूला आभाळाची निळसर छटा दिसेल. लाल कोब्यावर ठेवलं असेल तर खालची कड तांबूस दिसेल. म्हणजे वांग्याचा रंग एकट्या वांग्याचा नाही. त्यात उजेडाचा वाटा आहे, शेजाऱ्याचा वाटा आहे. आणि त्याचं चित्र काढायला बसलं की तिसरा वाटा येतो, चित्र काढणारीच्या मनाचा. आज आपण बोलणार आहोत ते या तिसऱ्या वाट्याबद्दल.

आमच्या बचत गटात पणत्या रंगवायचं काम दरवर्षी असतं. गेल्या दिवाळीनंतर थोडे रंग, थोडे पैसे आणि बरीचशी हौस उरली. गावातले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक दर शनिवारी दुपारी दोन तास यायला तयार झाले. त्यांनी सुरुवात केली ती स्थिरचित्रापासून. ज्यांनी शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल त्यांना हा शब्द आठवेल. समोर चार वस्तू मांडायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं. तांब्या, लिंबं, कांदे, एखादं फडकं. तांब्या हलत नाही, कंटाळत नाही आणि बसायचे पैसेही मागत नाही.

तैलरंग कशाला, असं आम्हीही विचारलं होतं. उत्तर कामातूनच मिळालं. जलरंग भराभर वाळतो. तैलरंगाला वाळायला दिवस लागतात. चित्र अर्धं झालं आणि नळाला पाणी आलं, तर उठून जाता येतं. दुसऱ्या दिवशी परत बसलं तरी बहुतेक रंग ओलाच असतो, पुसता येतो, बदलता येतो. बाईच्या दिवसाला हा रंग बरा जमतो.

आता थोडं लांबच्या एका माणसाबद्दल सांगतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. जन्म हॉलंडमध्ये १८५३ सालचा. सदतीस वर्षांचं आयुष्य मिळालं. धाकटा भाऊ थिओ पैसे आणि रंग पाठवायचा, त्यावर त्याचं चालायचं. त्याची सूर्यफुलं तुम्ही कॅलेंडरवर किंवा एखाद्या पिशवीवर पाहिली असतील. पण तो सुरुवातीपासून असा पिवळाधमक रंग लावत नव्हता.

१८८५ च्या मार्चमध्ये त्याचे वडील वारले. ते धर्मोपदेशक होते आणि बापलेकांचं फारसं पटत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने वडिलांचं जाडजूड बायबल टेबलावर उघडून ठेवलं, शेजारी विझलेली मेणबत्ती ठेवली आणि चित्र काढलं. मागे गडद काळोख, पुस्तक करडं-पांढरं, सगळीकडे तपकिरी छटा. आणि पुढे कडेला एक छोटीशी, वापरून जुनी झालेली पिवळी कादंबरी. ती एमिल झोलाची, व्हिन्सेंटच्या आवडीची. त्या चित्रात माणूस एकही नाही. तरी बापाचं जग कोणतं आणि पोराचं कोणतं, हे त्या एका पिवळ्यावरून कळतं. पिवळा किती लावला? अगदी थोडा. बाकी सगळं शांत ठेवलं म्हणून तो थोडासा पिवळा बोलला.

पुढच्या वर्षी तो पॅरिसला गेला. समोर माणूस बसवून चित्र काढायचं तर त्याला पैसे द्यावे लागतात आणि ते त्याच्याकडे नव्हते. म्हणून त्याने फुलांची चित्रं काढली, एकामागून एक. त्यातून तो रंगांच्या जोड्या शिकत होता. निळ्याशेजारी नारिंगी, लालशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा. त्याच्याकडे लाखेच्या रोगणाची एक पेटी होती आणि त्यात रंगीत लोकरीचे छोटे गुंडे होते. वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांना पीळ देऊन तो पाहायचा, कुठला रंग कुणाजवळ कसा दिसतो. ती पेटी आजही आम्सटरडॅमच्या संग्रहालयात आहे. हे ऐकलं तेव्हा आमच्या गटात हशा पिकला. कारण हे काम आपण रोज करतो. गोधडीला ठिगळ लावताना दोन चिंध्या शेजारी धरून बघतो. काठाला ब्लाऊजपीस जुळवायला दुकानदाराचा अर्धा तास खातो. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव दिसते, हेही आपल्याला ठाऊक असतं.

या जोड्यांचं शास्त्रही कापडातूनच आलं आहे. पॅरिसला गोबलँ नावाचा भिंतीवरचे पडदे विणायचा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगाईचं खातं शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे होतं. तक्रार आली की काळी लोकर फिकी दिसते, रंग नीट बसलेला नाही. त्याने तपासलं तर लोकर चांगली होती. ती निळ्या-जांभळ्याशेजारी विणली होती, म्हणून डोळ्याला फिकी दिसत होती. दोष शेजाराचा होता. १८३९ साली त्याने यावर मोठं पुस्तक लिहिलं आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी त्यातून धडे घेतले.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये व्हॅन गॉगने सूर्यफुलं काढली. गोगँ नावाचा त्याचा चित्रकार मित्र राहायला येणार होता. त्याच्या स्वागतासाठी घर सजवायचं होतं. एका चित्रात तर फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी आणि मागची भिंतही पिवळी आहे. मित्र येऊन राहू लागल्यावर त्याने दोन खुर्च्या रंगवल्या. स्वतःची खुर्ची साधी, गवताच्या बैठकीची, पिवळी, मागे फिकट निळा, दिवसाचा उजेड, बैठकीवर पाइप आणि तंबाखू. मित्राची खुर्ची ऐटबाज, तांबूस लाकडाची, मागे गडद हिरवी भिंत, रात्रीची वेळ, बैठकीवर पेटती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. तरीही दोन स्वभाव समोर बसलेले दिसतात. त्या डिसेंबरच्या अखेरीस दोघांचं बिनसलं आणि मित्र निघून गेला. खुर्च्या मात्र अजून बोलतात.

आता हे आपल्या हाताने कसं करायचं, ते सांगतो.

रंग थोडेच घ्या. पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी. एवढ्यात बरंच भागतं. काळी ट्यूब सुरुवातीला घेऊच नका. सावली दिसली की आपला हात आपोआप काळ्याकडे जातो आणि चित्र मळकं होतं. त्याऐवजी वस्तूच्या रंगात त्याच्या जोडीचा रंग थोडासा मिसळा. लिंबाच्या सावलीत किंचित जांभळा, टोमॅटोच्या सावलीत किंचित हिरवा. सावली गडद होते, पण मरत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: जोडीचे रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात, एकमेकांत मिसळले तर एकमेकांना शांत करतात. बऱ्याच घरांत जावाजावांचंही असंच असतं, असं आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या. त्यांचं आम्ही मनावर घेतलं नाही.

आधी डोळे किलकिले करून बघा. सगळ्यात उजळ कुठे, सगळ्यात गडद कुठे, ते ठरवा. पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ लावा. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं वाढवत जा. उलटं केलं तर पुढे रंगाला भेगा पडतात. आणि रंगवायच्या आधी स्वतःला विचारा, या वस्तूबद्दल मला काय वाटतं? मग त्या वाटण्याला एक रंग द्या. बाकीचे रंग त्या एकाला सांभाळून घेतील असे ठेवा. सगळेच मोठ्याने बोलू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही.

सांभाळायच्या गोष्टीही आहेत. टर्पेंटाइन वापरताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा, चुलीपासून, गॅसपासून लांब बसा. काही रंगांत विषारी द्रव्यं असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नका, लेकराला घेऊ नका. स्वयंपाकाची वाटी रंगाला घेतली तर ती पुन्हा स्वयंपाकात नको. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता आमच्या गटातली एक गोष्ट. त्या ताईंना विचारूनच सांगत आहोत. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. सरांनी एकदा सांगितलं, घरातली कोणतीही एक वस्तू आणा. कुणी पाटा-वरवंटा आणला, कुणी कंदील. ताईंनी एक डबा आणला. त्यात हिरव्या काचेच्या सात बांगड्या होत्या, न घातलेल्या, तशाच उरलेल्या. त्यांनी त्या पांढऱ्या फडक्यावर मांडून रंगवल्या. चित्र हुबेहूब झालं. आम्ही सगळ्यांनी वा वा केली. ताईंचं समाधान होईना. म्हणाल्या, हे दुकानातल्या बांगड्यांसारखं दिसतंय.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी नवीन कॅनव्हास बोर्ड घेतला. मांडणी तीच, पण मागचं सगळं लाल. खाली सावलीत त्याच लालमध्ये हिरवा मिसळून जवळजवळ काळपट केलेला. त्या लालपुढे हिरवा असा उठला की खोलीत कुणी काही बोललं नाही. हिरवा चुडा आणि कुंकवाचा लाल. जे दोन रंग सहा वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून उतरवले होते, ते दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने परत मांडले होते.

जानेवारीत गटाचं हळदीकुंकू होतं आणि त्याच खोलीत चित्रं लावायची होती. तेव्हा प्रश्न उभा राहिला. काहीजणी म्हणाल्या, सणाच्या दिवशी हे चित्र कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, चित्र लावायचं आणि काढणारीला बोलवायचं नाही, हे कुठलं न्यायाचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद केल्या, हे बैठकीत वाचून दाखवलं. शेवटी ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चित्र लावणार असाल तर मीही येणार. नाहीतर दोन्ही घरी."

दोघी आल्या, म्हणजे चित्र आणि ताई. दोन बायका मात्र आल्या नाहीत. गावात सगळं बदललं, असं आम्ही म्हणणार नाही. ताईंच्या सासूबाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बांगड्या खऱ्यासारख्या झाल्यात गं. पण मागं एवढं लाल कशाला?" ताई म्हणाल्या, "आत्या, मला तेच लाल पाहिजे होतं." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण जाताना पुन्हा एकदा चित्राकडे वळून बघून गेल्या.

रंग बोलतो म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी नीट कळलं. चित्रकला न शिकलेल्या सासूबाईंचं बोट बरोबर त्या लालवर पडलं होतं. बांगड्या जशा होत्या तशाच काढल्या होत्या, सांगायचं होतं ते मागच्या रंगात होतं. आणि बोलणारा रंग भडकच असतो असं नाही. पाटा-वरवंटा काढणारीने आईच्या आठवणीत सगळं चित्र करड्या रंगात ठेवलं आणि पाट्याच्या कडेला हळदीचा एक पुसट डाग तेवढा पिवळा लावला. तो डाग पाहून तिची धाकटी बहीण चित्रापुढून हलेना.

घरात दुसऱ्यांसाठी रंग आपण रोज निवडतो. पोराचा सदरा, नणंदेची साडी, भिंतीचा चुना. स्वतःला काय सांगायचं आहे त्यासाठी रंग निवडायची वेळ क्वचित येते. म्हणून या आठवड्यासाठी एक छोटं काम देतो. तैलरंग नसले तरी चालेल, पोरांच्या दप्तरातले खडू घ्या. घरातली एक वस्तू निवडा, तुमच्या रोजच्या हातातली. तिच्यामागे आळीपाळीने तीन ब्लाऊजपीस धरा, एक तिच्या रंगाच्या जवळचा, एक जोडीचा, एक फिकट. प्रत्येक वेळी डोळे किलकिले करून बघा. जिथे ती वस्तू तुमच्या मनातल्यासारखी दिसेल, तिथे थांबा आणि ते कागदावर उतरवा. हुबेहूब आलं नाही तरी चालेल. कुणी विचारलंच, हा रंग कशाला, तर सांगा, मला हाच पाहिजे होता.

शनिवारी दुपारी गटाची खोली उघडी असते. चित्र घेऊन या, नसेल तर नुसती वस्तू घेऊन या. नमस्कार.