स्टिल्टमधला पॉइंट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कमिटीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे गाडीच्या चार्जिंगचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून हा मान माझ्याकडे आला असावा. माझ्याकडे स्वतःची गाडी नाही, स्कूटर आहे आणि तीही पेट्रोलची. तेव्हा मी कुणाच्या बाजूने बोलतोय असं कृपया समजू नका.

बी विंगमधल्या एका कुटुंबाने प्लग-इन हायब्रिड गाडी घ्यायचं ठरवून स्टिल्टमध्ये चार्जिंग पॉइंटसाठी अर्ज दिला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यावर निर्णय व्हायचा आहे. गेल्या दोन महिन्यांत या अर्जावरून जिन्यात आणि गेटवर काय काय बोललं गेलं ते सगळ्यांनी ऐकलंच आहे. शेजारधर्म पंचवीस वर्षं टिकला, तो एका प्लगवरून तुटू नये एवढ्यासाठी थोडं तपशिलात सांगतो.

आधी एक गोंधळ. "हायब्रिडला चार्जिंग लागतच नाही, मग अर्ज कशाला?" असं बरेच जण विचारतात. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या आपल्याकडे दिसणाऱ्या हायब्रिड गाड्यांना खरंच प्लग नसतो. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना आपोआप भरते. प्लग-इन हायब्रिडचं वेगळं. तिच्यात पेट्रोल इंजिनही असतं आणि बऱ्यापैकी मोठी बॅटरीही, जी बाहेरून भरावी लागते. रोजचं जवळचं येणंजाणं विजेवर, आणि कोकणात गणपतीला जायचं तर पेट्रोलवर. बॅटरी भरलीच नाही तरी गाडी चालते, पण मग एवढे पैसे घालून ती घेण्यात अर्थ नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडे टोयोटाची राव्ह-फोर आहे, प्लगवाली. बॅटरी १८ युनिटांची. तिकडे घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा, त्यावर ती गाडी भरायला १२ तास लागतात. म्हणून लोक गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियन बोलावून २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढून घेतात. ती ऐकवत होती की एवढी खटपट केली. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे गीझरचा प्लगसुद्धा २३० व्होल्टचाच असतो! व्होल्टेज दुप्पट असल्यामुळे आपला साधा पंधरा अँपियरचा पॉवर पॉइंट ३.३ किलोवॉट देतो आणि तीच गाडी चार-साडेचार तासांत भरते. भिंतीवर लावायचा ७ किलोवॉटचा मोठा चार्जर मिळतो, पण आपल्या कामाला तो लागत नाही.

का लागत नाही, ते हिशेबाने बघू. रेल्वेच्या मोजणीने उल्हासनगर सीएसएमटीपासून ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. म्हणजे इथून उल्हासनगरच्या दुकानात जाऊन परत यायचं तर वळसे धरून दिवसाला २५ किलोमीटर. गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते असं धरा. चार युनिटं झाली, थोडी वाया जाणारी धरून साडेचार. पंधरा अँपियरच्या पॉइंटवर दीड तासाचं काम. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटं.

लगेच प्रश्न येतो की बिलाचा स्लॅब वाढेल. वाढेल, पण सगळ्या बिलावर नाही. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. ज्यांचं बिल आज २२० युनिटांचं आहे ते १२० युनिटं वाढल्यावर ३४० वर जातील, आणि वरचा दर फक्त त्या वरच्या ४० युनिटांना लागेल. आणखी एक गंमत. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. आपल्यापैकी निम्मे लोक सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि गाडी दिवसभर खाली उभी. ती तेव्हाच भरा की. स्मार्ट मीटरवरून भांडणारे आपल्यात बरेच आहेत, पण हा फायदा त्याच मीटरवर मिळतो.

आता माझ्या आवडीचा भाग, वायर. बी विंगच्या मीटरपासून त्या पार्किंगपर्यंत वायर नेली तर साधारण चाळीस मीटर लागेल. अडीच एमएमची वायर चालेल असं कुणीही सांगेल, घरात गीझरला तीच असते. पण गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी तासन् तास पूर्ण करंट ओढते. चाळीस मीटर जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांबं झालं. अडीच एमएममध्ये पंधरा अँपियरला जवळजवळ नऊ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि सव्वाशे वॉटच्या वर उष्णता त्या पाइपात तयार होते. चार एमएम घातली तर व्होल्टेज साडेपाचच उतरतो. फरक काही हजारांचा. उल्हासनगरला स्वस्त वायर मिळते हे मला माहीत आहे, आणि 'मेड इन यूएसए'चा जुना विनोदही माहीत आहे. तिथे चांगला मालही मिळतो. आयएसआय मार्क आणि बिल दोन्ही घ्या, एवढंच.

लोकांना भीती बॅटरीच्या आगीची वाटते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण नोकरीत मी जे जळलेले सॉकेट पाहिले, त्यांतले बहुतेक सैल स्क्रूमुळे जळले होते. आणि सध्या आपल्या आवारात सगळ्यांत धोकादायक गोष्ट कुठली असेल, तर ती पहिल्या मजल्याच्या खिडकीतून स्कूटरपर्यंत सोडलेली पिवळी एक्स्टेन्शन बोर्डची वायर. (हशा) ज्यांची आहे त्यांना कळलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडी चार्ज करायला एक्स्टेन्शन वापरायला मनाई आहे. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवं, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी हवी, जिला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो, आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं. हे नियम पाळलेला पॉइंट त्या पिवळ्या वायरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. परवानगी नाकारली म्हणून चार्जिंग थांबत नाही, ते खिडकीतून होतं.

८०० मिलिमीटर म्हणजे अडीच फुटांपेक्षा थोडं जास्त. देशभरासाठी ठीक असेल, आपल्यासाठी नाही. आपण बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या काठचे लोक. स्टिल्टच्या खांबावर २६ जुलै २००५ ची रेघ अजून आहे, ती माझ्या छातीला लागते. तेव्हा सोसायटीला पाचच वर्षं झाली होती. नंतर २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीच्या अलीकडे हजारावर प्रवाशांसह अडकली त्या जुलैत, पुन्हा पाणी आलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सॉकेट त्या रेघेच्या वर, आणि सगळ्या पॉइंटांचा मेन स्विच पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर, जिथून पाण्यात न उतरता बंद करता येईल. एक पॉइंट तोडून पुन्हा वर घेण्यापेक्षा आत्ताच पाइप वर न्यावा. ही अट मी अर्ज मंजूर करतानाच लिहून घ्यावी म्हणतो.

लोडचा मुद्दा खरा आहे, आणि तो उचलणाऱ्या काकांना मी मानतो. २००० साली आपली मुख्य केबल पडली तेव्हा घरटी पंखे, ट्यूब आणि फ्रिज होता. आज जवळपास प्रत्येक घरात एसी आहे. उद्या दहा गाड्या झाल्या आणि सगळ्यांनी रात्री नऊला प्लग लावला तर ३३ किलोवॉट वाढतील. ते झेपणार नाही. पण रात्री बारा ते सहा अशा दोन-दोन तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर एका वेळी चारच गाड्या, सव्वातेरा किलोवॉट, म्हणजे दीड टनाचे आठ-नऊ एसी. गाड्यांतच टायमर असतो. पहिल्या दोन-तीन गाड्यांसाठी काही करावं लागणार नाही. त्यापुढे मात्र महावितरणकडे लोड वाढवून मागावा लागेल, आणि तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच कागद काढावेत.

कायद्याचं थोडक्यात. स्वतःच्या घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वेगळं मीटर हवं असेल तर वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एकट्या सभासदालाही ते मागता येतं आणि सोसायटीलाही. महावितरणची चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणीही आहे. त्यामुळे "नाही" म्हणण्यापेक्षा "असं करा" म्हणणं कमिटीच्या हातात जास्त आहे.

पैशाचं काय? ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी का भरावं, हे निवृत्त सभासदांचं म्हणणं मला पटतं. सभासदाची वायर, एमसीबी, आरसीसीबी, मीटर हा त्याचा खर्च. अर्थिंगचा खड्डा आणि वर नेलेला मेन स्विच मात्र सोसायटीचा, कारण ते गाडी नसली तरी हवेच आहेत. आपलं अर्थिंग पंचवीस वर्षांपूर्वीचं, कोळसा-मिठाचं. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग शून्य, आणि लिफ्ट व पंपही त्याच्यावरच आहेत. गाडीचा चार्जर तरी बरा, अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. गीझर काहीच सांगत नाही.

एका जुन्या सहकाऱ्याकडून मी अर्थ टेस्टर आणतो आहे. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला तिन्ही विंगचे खड्डे मोजू. पाच ओहमच्या खाली आकडा आला तर उत्तम, नाही आला तर तो आकडा सभेच्या अजेंड्यावर घ्यावा अशी सेक्रेटरींना विनंती. ज्यांना स्वतः बघायचं आहे त्यांनी खाली या, आणि ती पिवळी वायर त्याआधी काढून ठेवा.