नागरी बिनतारी संच : गरज आणि निवड

बिनतारी संच विकत घेण्यासाठी दुकानात शिरलेला ग्राहक बहुधा दोनच प्रश्न विचारतो : याचा आवाज किती लांब जातो, आणि याची किंमत काय? वास्तविक हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारावयाचे असतात. कोणाशी बोलावयाचे, कोठून बोलावयाचे आणि दोघांच्या मधल्या जागेत काय उभे आहे, याचा विचार आधी झाला पाहिजे. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या परिसरात त्याला आणखी एका प्रश्नाची जोड द्यावी लागते : कायदा कशाला परवानगी देतो?

सामान्य नागरिकाने परीक्षा न देता वापरावयाच्या बिनतारी संभाषणासाठी अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचा एक पट्टा खुला झाला. तोच ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे नागरी तरंगपट्टा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील ट्रकचालकांनी त्याचा एवढा वापर केला, की १९७७ मध्ये त्यातील वाहिन्या २३ वरून ४० करण्यात आल्या. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा परवान्याच्या अटीतून मुक्त केला. शक्तीची मर्यादा ५ वॅट ठरली. मात्र ही मोकळीक सर्वांनी वाटून घ्यावयाची आहे. अशा संचाने दुसऱ्या सेवेत व्यत्यय आणता कामा नये, आणि दुसऱ्याचा व्यत्यय झाल्यास संरक्षणही मागता येत नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्‌झ हा दुसरा पट्टा, हातात धरावयाच्या अल्पशक्तीच्या संचांसाठी, अशाच रीतीने मोकळा केला.

परदेशातील नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेला संच येथेच अडचणीत टाकतो. अमेरिकन संचाच्या ४० वाहिन्या २६.९६५ पासून २७.४०५ मेगॅहर्ट्‌झपर्यंत पसरलेल्या आहेत. त्यांतील १ ते २७ या वाहिन्या भारतीय पट्ट्यात बसतात. २८ पासून पुढच्या १३ वाहिन्या त्याच्या बाहेर पडतात. अमेरिकेत मुलांच्या खेळण्याइतके सर्रास मिळणारे छोटे वॉकीटॉकी ४६२ आणि ४६७ मेगॅहर्ट्‌झवर चालतात. ते तर भारतातील या दोन्ही पट्ट्यांत कोठेच बसत नाहीत.

कायद्यानंतर निसर्गनियमांकडे वळावे. २७ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पावणेतीन मीटरची अँटेना उत्तम काम देते. हातातील संचावर ती शक्य नसल्यामुळे आखूड अँटेना बसवितात, आणि तेवढ्या प्रमाणात शक्ती वाया जाते. उलट ४४६ मेगॅहर्ट्‌झला १७ सेंटिमीटरची अँटेना पुरते. आखूड तरंग खिडक्या, दारे आणि जिन्यांच्या पोकळ्यांतूनही अधिक सुलभपणे आत शिरतात. लांब तरंग उघड्या माळावर आणि झाडीतून बरे चालतात, परंतु मोटारींच्या ठिणग्या आणि विजेच्या उपकरणांचा खरखराट त्यांना अधिक जाचतो. सूर्यावरील डाग वाढले म्हणजे तर २७ मेगॅहर्ट्‌झवर हजारो किलोमीटरांवरचे आवाज येऊन शेजारचे बोलणे बुडवितात.

शक्तीपेक्षा उंची मोलाची, हेही ध्यानात ठेवावे. शक्ती चौपट केली तरी दूरच्या टोकाला पोहोचणाऱ्या तरंगाची तीव्रता फक्त दुप्पट होते. कुतुबमिनाराची उंची सुमारे ७२.५ मीटर आहे. तेवढ्या उंचीवरून पाहिल्यास रेडिओतरंगांचे क्षितिज सुमारे ३५ किलोमीटरांवर असते. जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातातील संचाला ते जेमतेम पाच किलोमीटर लाभते, आणि गुरुग्रामच्या उत्तुंग इमारती किंवा अरावलीचा उंचवटा मध्ये आला की त्यातूनही बरेचसे कमी होते. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानावरचे असतात. चांदणी चौकातील गल्लीला ते लागू पडत नाहीत.

आता गरजेनुसार निवड सोपी होते. द्वारकेतील एखाद्या गृहसंस्थेच्या रखवालदारांना फाटक, तळघरातील वाहनतळ आणि गच्ची यांच्यात बोलावयाचे असेल, तर ४४६ मेगॅहर्ट्‌झचा हातसंच योग्य. धुक्याच्या दिवसांत यमुना द्रुतगती मार्गावरून तीन-चार गाड्यांनी एकामागून एक जावयाचे असेल, तर नागरी पट्ट्यातील संच उपयोगी पडतो. भ्रमणध्वनीवर एकेकाला क्रमांक लावावा लागतो, येथे एकाचे बोलणे सर्वांना एकदम ऐकू येते. मात्र गाडीच्या टपावर वेगळी अँटेना बसविण्यापूर्वी ती नियमांत बसते की नाही याची खात्री करून घ्यावी. दिल्लीतून पुण्याशी बोलण्याची हौस असणाऱ्याने मात्र या दोन्हींचा नाद सोडून हौशी बिनतारी सेवेची परीक्षा द्यावी, हे उत्तम.

खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात. संचाची कंप्रता, म्हणजे तरंगांची सेकंदाला होणारी कंपनसंख्या, वरील मर्यादांत आहे काय? दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेची उपकरण-मान्यता त्याला आहे काय? सर्व संच एकाच पद्धतीचे, म्हणजे सर्व एएम किंवा सर्व एफएम आहेत काय? बोलणे नसताना खरखर बंद ठेवणारी कळ आणि पुरेशी टिकणारी बॅटरी आहे काय? ऑनलाइन विक्रेत्यांनी कंप्रता आणि मान्यता यांची माहिती द्यावी, असे मार्गदर्शक नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये काढले. ती माहिती जेथे नसेल, तेथे स्वस्ताईला भुलू नये.

आकाशातील जागा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मोकळी आहे असे वाटते. दिल्लीत त्याच आकाशातून विमाने, पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांचे संदेश जात असतात. आपल्या कामापुरत्या शक्तीचा, आपल्या वाट्याच्या पट्ट्यातील संच जो निवडतो, त्याचा आवाज योग्य माणसापर्यंत पोहोचतो, आणि संकटातील दुसऱ्या कोणाचा आवाज त्याच्यामुळे बुडत नाही.