कुर्ल्याची पद्मिनी

जुन्या गाड्यांची फेरी निघाली की लोकांचे डोळे राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसवरच खिळतात. पण कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचं काय? 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा आणि आत दाटीवाटीनं बसलेलं अख्खं कुटुंब! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती 2023 पर्यंत राबली. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. ती महालातली की चाळीतली, हे तिथे कुणी विचारत नाही. मला हाच निकष रास्त वाटतो. सामान्यांच्या गाड्या वापरून झिजल्या, भंगारात गेल्या, म्हणून तर उरलेल्या मोलाच्या. तुमच्या दारात एखादी असेल, तर तिचे मूळ सुटे भाग आणि आरसी बुक जपून ठेवा.