कर्णा आणि मोबाईल



२० जुलै २०२३ आठवतो का? अधिक श्रावण नुकताच लागला होता, मंदिरात पारायण बसलं होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन-चार मोबाईल एकदम बोंबलले. नेहमीची रिंग नव्हे, भोंगाच! एक आजोबा दचकले, "याले काय झालं रे बावा?" म्हणाले अन् फोन बंदच करून टाकला. तो दूरसंचार विभागाचा आपत्तीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश होता. आपण हसलो, पुन्हा पोथीत लागलो.

दोनच दिवसांनी, २२ जुलैला, आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाऊस असा कोसळला की गावात पाणी शिरलं, शेतं खरवडून गेली. मला तेव्हापासून त्या बंद केलेल्या फोनची रुखरुख आहे.

हा इशारा एसएमएससारखा एकेका नंबरावर जात नाही. टॉवर एकदाच हाक देतो, त्याच्या टप्प्यातले चालू फोन ती ऐकतात. इंटरनेट लागत नाही. वारीच्या गर्दीत फोन लागत नाही हे आपण जाणतोच. पण ही हाक त्या गर्दीत अडकत नाही.

आपल्याला ही रीत नवी आहे का? माऊलींच्या सोहळ्यात कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी, तिसऱ्याला चाल. नाव घेऊन कोणाला उठवावं लागत नाही. कर्णा ओळखीचा, म्हणून माणूस उठतो. भोंगा अनोळखी, म्हणून आपण त्याचं तोंड दाबतो.

आता अडचण सांगतो. काही जुन्या फोनवर हा इशारा येत नाही, रेंज नसली तर कुठल्याच फोनवर येत नाही. अन् दिंडीच्या शेवटी चालणाऱ्या आजीकडं फोनच नसतो. तिच्यापर्यंत कोण जाणार?

म्हणून चोपदारांना विनंती आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन फोन चार्ज करून कायम चालू ठेवा. एकात 'दामिनी' घ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे अ‍ॅप आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. इशारा आला की तुतारीची एक लांब फुंक, म्हणजे भजन थांबवा. मग झाडाखाली कोणी जायचं नाही. पक्कं घर, शाळा, नाहीतर बंद गाडी गाठायची. मृदंगाला प्लास्टिक मागून गुंडाळू, आधी त्या आजीला हात द्या.

तुतारी कोण फुंकणार, तेवढं आजच्या बैठकीत ठरवून टाकू.