व्याज एकदाच मिळतं



जोगेश्वरीत पतसंस्थांना तोटा नाही. पूर्वेला मेघवाडी, मजासवाडी, श्यामनगर. पश्चिमेला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. कुठं नोकरदारांची पगारदार संस्था, कुठं दुकानादुकानांतून रोजची पिग्मी गोळा करणारी नागरी संस्था. बहुतेकांनी आता जाडजूड खतावण्या कपाटात ठेवून सॉफ्टवेअर घेतलंय. ते बसवायला कंपनीचा मुलगा येतो, स्क्रीन उघडतो आणि विचारतो, "काका, कर्जाचं व्याज कुठल्या हेडला टाकू?" व्यवस्थापक वसुलीच्या फोनवर असतात. तिथूनच हात हलवून म्हणतात, "टाक रे, पूर्वीसारखंच!"

या 'टाक रे'ची किंमत किती होते, ते आज सांगायचंय.

खतावणी हातानं लिहिली जायची तेव्हा कारकुनाला प्रत्येक व्यवहाराला विचार करावा लागे: नावे कुठं टाकायचं, जमा कुठं करायचं. चुकला तर त्या एका ओळीत चुकायचा. सॉफ्टवेअरमध्ये हा विचार एकदाच, सुरुवातीला करून ठेवायचा असतो. कर्जवाटप, हप्ता, व्याज आकारणी, दंड, अशा प्रत्येक व्यवहाराला कुठलं खातं नावे पडेल आणि कुठलं जमा होईल, हे आधी ठरतं. पुढं काउंटरवरची मुलगी फक्त सभासद क्रमांक आणि रक्कम भरते. सर्वसाधारण खतावणीतल्या नोंदी आपोआप पडतात. मांडणी चुकली असेल तर तीच चूक सगळ्या कर्जदारांच्या खात्यांत दर महिन्याला बिनबोभाट होत राहते.

एक कर्ज घेऊनच बघू. समजा, एका सभासदाला 1 लाख रुपये मंजूर झाले. व्याज 12 टक्के, मुदत 36 महिने. त्यातून भागापोटी 2,500 आणि प्रक्रिया शुल्काचे 500 कापले, हातात पडले 97,000. नोंद कशी पडायला हवी? कर्ज खातं नावे पूर्ण 1 लाख. जमा बाजूला भागभांडवल 2,500, शुल्क उत्पन्न 500 आणि बँक 97,000. कापलेले 2,500 उत्पन्नात गेले तर संस्था सभासदाचंच भांडवल नफा म्हणून दाखवणार. संस्थेची जीएसटी नोंदणी असेल तर शुल्कावरचा करही वेगळा निघायला हवा. तो सरकारचं देणं आहे, आपली कमाई नव्हे.

आता महिना संपला. पहिल्या महिन्याचं व्याज झालं 1,000 रुपये. ते अजून हातात आलेलं नाही, पण संस्थेचं येणं झालंय. म्हणून महिनाअखेरीची नोंद: येणे व्याज नावे 1,000, व्याज उत्पन्न जमा 1,000. इथं उत्पन्न धरून झालं. मग सभासदाचा हप्ता येतो, सुमारे 3,321 रुपये. बँक नावे 3,321. येणे व्याज जमा 1,000. उरलेले 2,321 कर्जाला जमा.

खरी मेख या दुसऱ्या नोंदीत असते. हप्त्यातल्या व्याजाच्या रकान्यात, पूर्वीसारखंच म्हणून, येणे व्याजाऐवजी पुन्हा व्याज उत्पन्नाचं खातं बसवलं, की तेच हजार रुपये दोनदा उत्पन्नात धरले जातात. सभासदानं एकदा भरलं, आपण दोनदा कमावलं! एका कर्जावर पहिल्या वर्षात असा सुमारे 10,400 रुपयांचा खोटा नफा तयार होतो. अशी शंभर कर्जं असतील तर 10 लाख 40 हजार.

आणि तेरीज पत्रक? ते अगदी चोख जुळतं. कारण प्रत्येक चुकीच्या नोंदीलाही नावे आणि जमा दोन्ही बाजू असतातच. म्हणून "तेरीज जुळली" म्हणून सुस्कारा सोडणाऱ्या सचिवांना मी नेहमी विचारतो, येणे व्याजाचं खातं बघितलंत का? ते खातं फुगतच चाललेलं दिसेल. हप्ते वेळेवर येताहेत आणि येणं मात्र वाढतंय, याचा अर्थ मांडणीत गोम आहे.

हा खोटा नफा नुसता कागदावर राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, आणि भागांवर 15 टक्क्यांपर्यंत लाभांश वाटता येतो. कागदावरच्या नफ्यातून राखीव निधी कागदावरच वाढतो. लाभांश मात्र खऱ्या पैशांत जातो, आणि ते खरे पैसे ठेवीदारांचे असतात.

थकलेल्या कर्जाचंही तसंच. बँकांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक, आणि न आलेलं व्याज उत्पन्नात धरायचं नाही. पतसंस्थांच्या ताळेबंदातही याचसाठी थकीत व्याज तरतुदीचं खातं असतं. कर्ज थकीत झाल्यावर नोंद आपोआप त्या खात्याकडे वळते की नाही, हे मांडणीच्या वेळीच तपासायचं.

मग बरोबर काय, हे ओळखायचं कसं? खतावणीतला प्रत्येक आकडा खतावणीबाहेरच्या कशाशी तरी ताडून बघायचा. कर्जाची एकूण बाकी सगळ्या सभासदांच्या कर्जखात्यांच्या बेरजेशी, बँकेची बाकी बँकेच्या उताऱ्याशी, रोख शिल्लक तिजोरीतल्या मोजलेल्या नोटांशी. आणि पगारकपातीचे पैसे कपातीच्या यादीशी. जे जुळत नाही ते सस्पेन्स खात्यात टाकून विसरायचं नाही.

हे न केल्यास काय होतं, ते आपल्या उपनगरानं दोनदा पाहिलंय. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं पूर्वेला जाऊन पुढं वर वळलं की भांडुप. तिथं मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. एका बांधकाम समूहाची 44 कर्जखाती झाकण्यासाठी तपासनिसांपुढच्या यादीत 21,049 बनावट कर्जखाती दाखवल्याचं पोलिसांकडच्या तक्रारीत नोंदलं गेलं. ती यादी खऱ्या खात्यांशी ताडली असती तर टिकली नसती. दुसरं उदाहरण अलीकडचं, फेब्रुवारी 2025 चं, न्यू इंडिया सहकारी बँकेचं. प्रभादेवी आणि शेजारच्या गोरेगावच्या तिजोऱ्यांत मिळून 122 कोटी रुपये कमी भरले. वहीत रोकड होती, तिजोरीत नव्हती. आज पहिली बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत आणि दुसरी सारस्वत बँकेत विलीन झाली आहे.

बँकेच्या खातेदाराला निदान ठेव विम्याचा आधार असतो. 2020 पासून ती मर्यादा 5 लाख रुपये आहे. हा विमा पतसंस्थेच्या ठेवीला लागू नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याला कुणी वाचवायला येणार नाही, म्हणून हिशेबच चोख हवा.

संचालकांना माझं सांगणं एवढंच. नवं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी प्रत्येक व्यवहाराचा तक्ता कागदावर काढा: व्यवहार कुठला, नावे काय, जमा काय. लेखापरीक्षकाला दाखवा, त्यावर सह्या करा, आणि मगच सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाच्या हातात द्या. चाचणीसाठी एक खोटा सभासद तयार करा. त्याला कर्ज द्या, हप्ता भरा, एक हप्ता थकवा, दंड लावा, मुदतीआधी कर्ज फेडा. प्रत्येक पायरीला खतावणी उघडून बघा. एवढं करायला एक दुपार जाईल, पण वर्षभराची झोप वाचेल. आणि पुढं कुणी हेड बदललं तर कधी, कुणाच्या परवानगीनं, याची नोंद राहू द्या.

सभासदांनो, वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. अहवाल हातात आला की लाभांशाचा टक्का नंतर बघा. आधी येणे व्याजाची रक्कम गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवा. ती कर्जापेक्षा वेगानं वाढली असेल तर उभं राहून कारण विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.