एका हरळीची अनेक रूपं

आम्ही हसनाबादच्या, शेतात राबणाऱ्या बायका. आज हरळीबद्दल बोलू. राजूरच्या गणपतीला २१ दूर्वांची जुडी वाहायची ती हिचीच, आणि कपाशीत खुरपं घेऊन मागे लागायचं तेही हिच्याच.

नीट बघा, सगळी हरळी सारखी नसते. एक बारीक पानाची, जवळ जवळ पेरांची. दुसरी जाड काडीची, लांब पसरणारी. हा फरक जागेचा की रक्तातला? दोन्हींच्या काड्या सारख्या डब्यांत, एकाच मातीत लावा. ऊन-पाणी सारखंच द्या. दोन-तीन महिन्यांत त्या सारख्या झाल्या तर फरक जागेचा. वेगळ्याच राहिल्या तर पिढीजात. शास्त्रज्ञही असंच ताडून बघतात. त्यांना काही हरळीच्या पेशीत १८ गुणसूत्रं सापडली, काहींत ३६.

काशीच्या तुकड्यातून उगवलेली हरळी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाच्या परागानं धरतं, म्हणून त्यातून निघणारं रोप थोडं निराळं.

आता तणनाशकाचं बघा. दरवर्षी तेच औषध मारलं, तर जे तण ते सोसतं तेच मागे उरतं आणि त्याचंच रान माजतं. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली-डंडा गवताचं १९९० च्या दशकात हेच झालं. आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षं मारलं, शेवटी ते लागू पडेना. औषध आलं की निंदणीची मजुरी जाते. ते हरलं की वाकायचं पुन्हा आपल्यालाच.

म्हणून घरात फवारणीचं ठरत असेल तेव्हा आपणही बोलायचं. दरवर्षी एकच औषध नको. फवारल्यावर हिरवा राहिलेला पट्टा फुलोऱ्याआधी मुळासकट खणून काढायचा. ओल्या रानात हरळीवर रोटाव्हेटर नको. पेर असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा कडक उन्हात वाळू द्यायच्या, मग वेचायच्या.

बांधावरची मात्र राहू द्या. ती माती धरते, गुरांना चारा देते, आणि जुडीही तिथलीच.