फिर्याद उमटण्यापूर्वी

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेला प्रौढ रुग्ण आपली व्यथा शब्दांत सांगतो. परंतु वर्षा-दीड वर्षाचे मूल नुसते रडते, पाय पोटाशी ओढून घेते आणि आईच्या कुशीतही निवत नाही. ही मूक फिर्याद वैद्यकाने दीर्घकाळ दाखल करून घेतली नव्हती. नवजात अर्भकास वेदनेचे पुरते भान नसते, या समजास ऑक्सफर्ड येथील आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1987 सालच्या संशोधनाने जबर धक्का दिला.

मूल पूर्ण भुलीखाली असतानाच शरीराचा तेवढा भाग बधिर करून ठेवावा, ही आजची रीत आहे, आणि तिच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली, म्हणजे कॉडल ब्लॉक, माकडहाडाच्या किंचित वर असलेल्या नैसर्गिक फटीतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडण्याची असून, मेरेडिथ कॅम्पबेल यांनी 1933 साली मुलांवरील तिच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिचा अंमल चार-सहा तास टिकतो. मात्र तेवढा वेळ पाय कधी लुळे पडतात, तर कधी लघवी अडते. दुसरी वाट 2001 साली रफी यांनी वर्णिलेल्या टॅप ब्लॉकची : पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या दोन थरांमधून जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती, हल्ली बहुधा सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत, औषध पसरवावयाचे. येथे पाय मोकळे राहतात. परंतु बधिरता भिंतीपुरतीच असल्यामुळे आतील आतड्याची कळ तिला आवरत नाही.

म्हणून यांतील श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच माझ्या मते अपुरा आहे. वेदना जखमेची की आतील अवयवाची, आणि ती किती काळ राहणार, याचा निवाडा प्रथम झाला पाहिजे. मोठ्या शस्त्रक्रियेत पाठीच्या कण्यालगत बारीक नळी ठेवून दिवसचे दिवस औषध देण्याची तजवीज करावी लागते, तर बेंबीच्या हर्नियास भिंतीवरील ब्लॉक पुष्कळदा पुरतो.

शिवाय मात्रेची सरहद्द कोणत्याही वाटेवर ओलांडता येत नाही. बुपिव्हाकेन या औषधाची एका वेळची मर्यादा वजनाच्या दर किलोस सामान्यतः अडीच मिलिग्रॅम धरतात. म्हणजे आठ किलोच्या बाळास वीस मिलिग्रॅम, अर्थात पाव टक्का द्रावणाचे आठ मिलिलिटर, आणि तेथे शिल्लक संपते. आर्मिटेज यांनी 1979 साली घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे कॉडलची बधिरता छातीच्या मध्यापर्यंत चढवण्यासाठी दर किलोस सव्वा मिलिलिटर द्यावयाचे, तर द्रावण पातळच करावे लागते. आणि दोन्ही ब्लॉक एकदम द्यावयाचे झाल्यास ती एकच शिल्लक दोघांत वाटावी लागते, कारण अतिरेक झालाच तर तो मेंदूस आणि हृदयास भोवतो.

आईबापांनी भूलतज्ज्ञास एवढे अवश्य विचारावे, की या बधिरतेचा अंमल किती वाजता ओसरेल. कारण ती घटका पुष्कळदा रात्रीची असते, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामकाची पुढली मात्रा मूल रडू लागण्याची वाट न पाहता, नेमून दिलेल्या वेळीच त्याच्या पोटात गेली पाहिजे.